आधी घरात डाव मांडा, मग पीकवर चढा

पत्र

ताई, दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पाच जण हाँगकाँगला निघालोय. मी, नवरा, नऊ वर्षांची मुलगी, पाच वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. मुलीला 'व्यापार' खेळायचं वेड आहे. तिथे मोनोपॉली या 'व्यापार'सारख्याच परदेशी खेळावर बेतलेलं एक इनडोअर केंद्र आहे, पटावरच्या जागांमधून चक्क चालत फिरता येतं, हे तिला मैत्रिणीकडून कळलं आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. नवऱ्याचं म्हणणं, एवढं विमानाचं भाडं भरून जायचं आणि बंद खोल्यांत शिरायचं? त्यापेक्षा डोंगरावरून शहर बघू. धाकटा हरला की पट उधळतो, मागच्या वेळी नोटाही फाडल्या. त्याला तिथे न्यावं की नाही कळत नाही. सासूबाई म्हणतात, "मला त्यातलं काही कळत नाही, मी बाहेर बाकावर बसते." पैसे वाया जातील का? सगळ्यांना एकत्र घेऊन जायचं तर कसं?
– एक आई, कोथरूड

उत्तर

नमस्कार,

जा, आणि पाचही जण आत जा. लेकीचा हट्ट रास्त आहे. तुमच्या यजमानांचं म्हणणंही पटण्यासारखं आहे. एकाच दुपारी आणि संध्याकाळी दोघांचं मन राखता येईल, फक्त क्रम नीट लावायला हवा. पण तिकिटांच्या आधी एक काम आहे आणि ते तुमच्या कोथरूडच्या घरात, जमिनीवर मांडी घालून करायचं आहे. हा खेळ तुम्ही सगळ्यांनी, सासूबाई धरून, निघायच्या आधी काही वेळा मन लावून खेळायला हवा. तो खेळून गेलात तर तिकिटाचे पैसे वसूल होतील. न खेळता गेलात तर रंगीत दिवे बघून परत याल.

असं का म्हणते ते सांगते. मोनोपॉली ड्रीम्स हे केंद्र हाँगकाँगच्या व्हिक्टोरिया पीक या डोंगरावर, पीक गॅलेरिया नावाच्या मॉलमध्ये 2019 मध्ये सुरू झालं. पांढऱ्या मिशांचा, उंच टोपीवाला मिस्टर मोनोपॉली आणि त्याचा कुत्रा हे तिथले यजमान. पटावर जी बँक, जो तुरुंग, जी वीज कंपनी आणि पाणीपुरवठा आपण बोटभर चौकोनात बघतो, ते तिथे माणूस उभा राहील एवढं होऊन समोर येतं. घरच्या डावात ऐन मोक्याच्या वेळी जी मुलगी तुरुंगात गेली आणि हातातली जागा घालवून बसली, ती त्या तुरुंगाच्या दारात थबकते, आजीला ओढून आणते, "इथेच अडकले होते मी!" म्हणून सांगते. जिने फक्त जाहिरात बघितली आहे ती दारात उभी राहून फोटो काढून घेते आणि विचारते, "आता पुढे काय?" आत दोघींना दिसतं ते सारखंच. फरक घरून काय घेऊन गेलात त्याचा.

आपल्याकडचा 'व्यापार' मोनोपॉलीच्याच घराण्यातला, त्यामुळे नवीन डबा आणायची गरज नाही. पण नियम एकदा मूळचे लावून बघा. आपल्या घरोघरी या खेळाला इतके घरगुती नियम चिकटलेत की डाव संपतच नाही, आणि न संपणाऱ्या डावात लहान मूल रडणारच. मूळ मोनोपॉलीत एक नियम आहे जो बहुतेक घरांत कुणी पाळत नाही. एखाद्याची सोंगटी रिकाम्या जागेवर आली आणि त्याने ती घेतली नाही, तर बँक त्या जागेचा तिथल्या तिथे लिलाव करते. सगळ्यांना बोली लावता येते, ज्याने नकार दिला त्यालासुद्धा. हा एक नियम लावला की जागा भराभर विकल्या जातात आणि ज्याची पाळी नाही तोही ताठ बसतो. दुसरं, दंडाचे आणि कराचे पैसे पटाच्या मधोमध साठवून कुणाला तरी घबाड म्हणून देऊ नका. ते मूळ नियमांत नाही आणि त्याने डाव लांबतो. तिसरं, घड्याळ लावा. तासाभराने थांबायचं, रोख आणि जागांची किंमत मोजायची, ज्याची बेरीज जास्त तो जिंकला. दिवाळीच्या फराळाच्या गडबडीत कुणालाही यापेक्षा जास्त वेळ नसतो.

नऊ वर्षांच्या लेकीला आणखी एक गोष्ट द्या, ती खूश होईल. दोन फासे टाकले की एकूण 36 तऱ्हा पडू शकतात, आणि त्यातल्या सर्वाधिक, म्हणजे 6 तऱ्हांनी 7 येतात. दोन किंवा बारा यायची तऱ्हा एकेकच. हे तिला सांगू नका, वहीत स्वतः मांडायला लावा. मग मोनोपॉलीचा पट दाखवा. तुरुंगाच्या चौकोनापासून सहा, आठ आणि नऊ घरं पुढे नारिंगी रंगाच्या तीन जागा असतात. पटावर सोंगट्यांचा मुक्काम तुरुंगात सर्वांत जास्त, आणि तिथून निघाल्यावर 36 पैकी 14 वेळा माणूस नेमका या तिघींपैकी एकीवर पडतो. मुलांना वाटतं सगळ्यात महागडी जागा सगळ्यात चांगली. ती तशी का नाही, हे फाशांचं गणित मांडलं की तिचं तिलाच कळेल.

आता सासूबाईंकडे येते, कारण माझ्या मते या सगळ्या बेतात त्यांची भूमिका सर्वांत मोठी आहे आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना बाकावर बसवायचं ठरवलंय.

एका रविवारी जाड पुठ्ठा घ्या आणि मुलांना घेऊन पुण्याचा पट आखा. जागा पुण्यातल्या: लक्ष्मी रोड, जंगली महाराज रोड, फर्ग्युसन रोड, डेक्कन, कर्वे रोड, पौड रोड, कोरेगाव पार्क, कात्रज, हडपसर. चार रेल्वे स्टेशनांच्या जागी पुणे, शिवाजीनगर, खडकी, हडपसर. आता प्रत्येक जागेची किंमत ठरवायची. इथे मोठ्यांनी गप्प बसायचं आणि सासूबाईंना बोलू द्यायचं. कोथरूडला त्या कधी आल्या, तेव्हा आजूबाजूला काय होतं, फ्लॅट कितीला घेतला, भाजी आणायला कुठे जावं लागे, रिक्षावाले यायला तयार होत का. तुमच्या लेकीने लगेच विचारायला हवं, आणि नाही विचारलं तर तुम्ही विचारा: "आजी, मग आता एवढे पैसे कशाचे झाले? घर तर तेच आहे ना?"

हा प्रश्न साधा वाटतो, पण सगळा खेळ त्याच्याभोवती रचलेला आहे. घर जुनं झालं, भिंतींना ओल आली, तरी किंमत वाढली. ती घराची नव्हे, खालच्या जमिनीची. रस्ता रुंद झाला, शाळा आल्या, दुकानं आली, 2022 मध्ये वनाझपासून मेट्रो धावू लागली. यातलं काहीच घरमालकाने केलेलं नाही. सगळ्यांनी मिळून, कर भरून, कष्ट करून शहर वाढवलं आणि त्याची किंमत जमिनीच्या मालकाच्या पदरात पडली. मी हे घरमालकांना नावं ठेवायला लिहीत नाही, तुम्हीआम्ही सगळे त्यातच आहोत. पण नऊ वर्षांच्या मुलीला हे आजीच्या तोंडून, तिच्याच गल्लीच्या उदाहरणाने कळणं मला फार मोलाचं वाटतं.

आणि हा खेळ मुळात ज्या बाईने केला तिला हेच सांगायचं होतं. अमेरिकेतल्या एलिझाबेथ मॅगी यांनी 'लँडलॉर्ड्स गेम' नावाचा पट तयार केला आणि 1904 मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. हेन्री जॉर्ज या अर्थशास्त्रज्ञाचं म्हणणं त्यांना पटलं होतं: जमिनीच्या मालकीतून जे आपोआप मिळतं त्यावर कर बसवावा, माणसाच्या श्रमावर नव्हे. ते लोकांना समजावं म्हणून त्यांनी खेळ रचला. पुढे त्यांनी त्याला नियमांचे दोन संचही दिले. एकात एक जण सगळं गिळतो आणि बाकीचे भिकेला लागतात, दुसऱ्यात कुणाचीही भरभराट झाली की सगळ्यांच्या पदरात काही पडतं. खेळ हातोहात पसरला, लोकांनी त्यात आपापल्या गावाचे रस्ते घातले. मग चार्ल्स डॅरो नावाच्या गृहस्थाने अटलांटिक सिटीच्या रस्त्यांचा पट स्वतःच्या नावावर विकला, 1935 मध्ये पार्कर ब्रदर्स कंपनीने तो घेतला आणि डॅरो श्रीमंत झाला. मॅगीबाईंच्या पेटंटचे त्याच कंपनीने 500 डॉलर दिले. जगाने उचलला तो पहिल्या प्रकारचा नियम, दुसरा विसरला गेला.

लेकीला ही गोष्ट विमानात सांगा. मुलांना अन्याय चटकन कळतो. ती चिडेल, चिडू द्या. तिला वाटलं तर परत आल्यावर दुसऱ्या प्रकारच्या नियमांनी डाव मांडून बघा: भाडं मालकाला न देता मधल्या डब्यात टाकायचं आणि प्रत्येक फेरीला सगळ्यांत सारखं वाटायचं. हा मॅगीबाईंचा हुबेहूब नियम नव्हे, पण त्याच्या जवळ जाणारा, घरी जमणारा आहे. खेळाची चव कशी बदलते ते पोरं स्वतः सांगतील.

आता तुमच्या यजमानांसाठी. त्यांना डोंगर बघायचाय, आणि नेमका तोच डोंगर या खेळाशी बांधलेला आहे. ज्या 1904 मध्ये मॅगीबाईंना पेटंट मिळालं, त्याच वर्षी हाँगकाँगच्या ब्रिटिश सरकारने कायदा करून पीकवरचा भाग राखून ठेवला: गव्हर्नरच्या परवानगीशिवाय चिनी माणसाला तिथे राहता येणार नाही, नोकरचाकर सोडून. तो कायदा 1946 मध्ये रद्द झाला. डोंगरावर चढणारी पीक ट्राम 1888 पासून आहे, आणि 1908 ते 1949 पर्यंत तिच्यातली पुढची जागा गव्हर्नरसाठी राखीव असे. आज पीकवरची घरं जगातल्या सर्वांत महाग घरांत मोडतात. आणखी एक गंमतीची गोष्ट: हाँगकाँगमध्ये जमीन विकत मिळतच नाही म्हटलं तरी चालेल. जवळजवळ सगळी सरकारची, लोक ती मुदतीच्या भाडेपट्ट्याने घेतात. अपवाद सेंट जॉन्स कॅथेड्रलच्या जागेचा, आणि ते चर्च ट्रामच्या खालच्या स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. जमिनीच्या किमतीचा खेळ ज्या मॉलमध्ये मांडलाय, तो मॉल कुठल्या जमिनीवर उभा आहे, हे बाबांनी मुलांना वर उभं राहून दाखवावं. बंद खोल्या आणि मोकळा डोंगर असा वाद मग राहणार नाही.

माणसांच्या उंचीचा पट ही कल्पना परदेशातून आलेली नवलाई आहे असंही त्यांना वाटायला नको. फत्तेपूर सिक्रीला अकबराच्या महालात अंगणाच्या फरशीतच पचिशीचा भला मोठा पट आखलेला आहे आणि तिथे माणसांच्याच सोंगट्या करून खेळत असं सांगतात. जायच्या आधी एखाद्या शनिवारी बाजीराव रस्त्यावरून राजा दिनकर केळकर संग्रहालयातही जाऊन या. त्या संग्रहात जुने बैठे खेळ, सोंगट्या, गंजिफा म्हणजे जुने गोल पत्ते आहेत. सासूबाईंना तिथे बोलायला खूप सुचेल.

धाकट्याची काळजी तुम्ही पत्रात दोन ओळींत लिहिलीत, पण माझ्या मते तुमचा खरा प्रश्न तोच आहे. पाच वर्षांच्या मुलाने मोनोपॉली हरल्यावर पट उधळला तर त्यात वावगं काही नाही. डब्यावरच वय 8 पासून पुढे लिहिलेलं असतं. तो खेळ त्याच्यासाठी लांब आहे, अवघड आहे, आणि त्यात हरणं एका झटक्यात होत नाही. एकेक नोट हातातून जाते, एकेक जागा गहाण पडते, आणि तो अर्धा तास ते बघत बसतो. मोठ्या माणसालाही ते सोसत नाही.

त्याला तीन गोष्टी करून द्या. पहिली, रोज रात्री जेवणानंतर सापशिडीचा एक डाव. पूर्ण नशिबाचा खेळ, थोड्या वेळात संपतो, आज हरला तर उद्या लगेच दुसरा. हरायची सवय अशा छोट्या डावांत लागते. मुद्दाम हरून त्याला जिंकवू नका, त्याला ते कळतं. हरल्यावर रडला तर रडू द्या, फक्त पट उचलून ठेवायचं काम ठरलेलं त्याचंच. दुसरी, मोठ्या डावात त्याला स्वतंत्र खेळाडू करू नका, आजीचा भागीदार करा. फासे तो टाकेल, सोंगटी तो चालवेल, पैसे आजी राखेल. आजीही मग "मला कळत नाही" म्हणून बाजूला बसणार नाही, कारण नातवाला तिच्यावाचून खेळता येणार नाही.

तिसरी गोष्ट मी माझ्या भाचीच्या घरी बघितली आणि मला फार आवडली. तिने धाकट्या मुलाला बँक दिली होती. मोनोपॉलीत नोटा सात प्रकारच्या: 1, 5, 10, 20, 50, 100 आणि 500. आणि आपल्या मिसळणाच्या डब्यात वाट्याही सात. तिने जुना डबा घासून कोरडा केला, एकेका वाटीत एकेक नोटेची घडी, आणि झाकण पोराच्या ताब्यात. मोहरीच्या वाटीत पाचशेच्या. कुणी पैसे मागितले की तो आधी झाकण उघडणार, नोट उलटसुलट बघणार, मग दोन्ही हातांनी देणार आणि झाकण परत लावणार. दोन नोटांना हळदीचा वास होता, त्या त्याने "जुन्या नोटा" म्हणून वेगळ्या काढल्या आणि कुणालाच दिल्या नाहीत. हातातलं जाण्याचं दुःख बँकवाल्याला नसतं. तुमच्याही बाळाला हे काम द्या. नोटा फाडणारे हात नोटा जपू लागतील.

म्हणून त्याला केंद्रात न्यायचंच. अशा ठिकाणी सहसा कुणाचं दिवाळं निघत नाही, त्यामुळे हरण्याचा प्रश्न येणार नाही. दुसरा येऊ शकतो: अंधार, अचानक येणारे आवाज, पडद्यावरून अंगावर येणारी चित्रं. आदल्या रात्री त्याला साध्या शब्दांत सांगून ठेवा, की काही खोल्यांत अंधार असेल, आवाज होईल, आणि आपण हात धरून असू. एखाद्या खोलीत जायचं नाही म्हणाला तर ओढू नका. "एवढे पैसे भरलेत" हे वाक्य तिथे उच्चारू नका, निदान मुलांसमोर तरी. त्याने पाच वर्षांच्या मुलाच्या भीतीत भर पडते, पैसे परत येत नाहीत.

आता दिवसाचा क्रम. दिवाळीच्या सुमाराला हाँगकाँगची हवा छान असते, कोरडी आणि उन्हाळ्यापेक्षा पुष्कळ गार. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य पावणेसहाच्या आसपास मावळतो. म्हणून जेवून दुपारी वर जा, अडीच-तीनला केंद्रात शिरा. तास-दीड तासाच्या हिशेबाने चाला. बाहेर पडाल तेव्हा ऊन कललेलं असेल. पीक गॅलेरियाच्या गच्चीवरून मोफत देखावा दिसतो. तिथे उजेडात शहर बघा, थांबा, दिवे लागताना बघा. यजमानांना हवं ते इथे मिळेल, आणि मुलांनाही पाय मोकळे करता येतील. उलट क्रम, म्हणजे संध्याकाळी देखावा आणि मग केंद्र, अजिबात करू नका. मुलं पेंगुळतील आणि मोठे घड्याळ बघत राहतील. सुट्टीत शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा.

वर जाताना ट्राम की बस, यावर माझं मत असं. सासूबाईंसाठी सेंट्रल या भागातून सुटणारी 15 नंबरची बस चांगली. दुमजली आहे, वळणावळणाने चढते, खाली दरी आणि बंदर दिसत राहतं, रांगेत उभं राहणं त्या मानाने कमी. येताना ट्राम घ्या, पण दिवे लागल्यावर लगेच उतरणाऱ्यांची मोठी गर्दी होते, तेव्हा थोडं आधी निघा किंवा निवांत जेवून निघा. ट्राम इतकी तिरकी होते की बाहेरच्या इमारती कललेल्या वाटतात. मुलांना त्याचं नवल, सासूबाईंना मात्र आधी सांगून ठेवा आणि खिडकीशी बसवा. सगळ्यांसाठी ऑक्टोपस कार्ड घ्या, बस, ट्राम, मेट्रो सगळीकडे तेच चालतं.

यजमानांना चालायची आवड असेल तर लुगार्ड रोड आणि हार्लेक रोड मिळून पीकभोवती साधारण साडेतीन किलोमीटरची सपाट वाट आहे. झाडीतून जाते आणि मधे एकदम सगळं शहर पायाखाली उघडतं. मुलं केंद्रातून दमून बाहेर आली तर सगळ्यांनी फेरी पुरी करायचा आग्रह नको. बाबा आणि लेक जातील, तुम्ही बाकीचे गच्चीवर.

एक शाल सासूबाईंच्या पिशवीत असू द्या. मॉलमधला एसी कडक असतो आणि संध्याकाळी वर वाराही असतो.

आत गेल्यावर फोन एकाकडेच द्या. बाकीच्या दोन मोठ्यांचे हात रिकामे हवेत. मुलं खेळतात आणि आईबाप समोरून चित्रण करतात, यात मुलांची सोबत सुटते, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. तुम्ही स्वतः खेळा. सासूबाईंना नातवाचा हात धरून खेळू द्या, त्या त्याच्या भागीदार आहेत हे त्याला आठवत असेलच.

बाहेर पडताना दुकान लागेल, ते लागतंच. आदल्या दिवशी दोन्ही मुलांना ठरावीक रक्कम, हाँगकाँग डॉलरमध्ये, हातात रोख द्या. एक डॉलर आपल्या दहा-बारा रुपयांच्या घरात जातो, हा हिशेब लेकीकडे. पैसे त्यांचे, निर्णय त्यांचा, संपले की संपले. लेकीने ते सगळे एका किल्लीच्या साखळीवर घातले तरी नाक मुरडू नका. आणि धाकट्याने काहीच न घेता नोटा मुठीत धरून घरी आणल्या तर त्या त्याला ठेवू द्या.

शाकाहारी असाल तर पीकवर जेवणावर विसंबू नका. चिम शा चुई भागात, चुंगकिंग मॅन्शन्समध्ये आणि आसपास भारतीय खानावळी आहेत, तिथे जेवून निघा. मुलांसाठी दशम्या, चिवडा, लाडू घरून घ्या, पण केंद्राच्या आत खाऊ नका.

राहता राहिलं कागदपत्रांचं. भारतीय पासपोर्टवर हाँगकाँगला 14 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, पण निघण्यापूर्वी ऑनलाइन नोंदणी करावी लागते, 2017 पासून हा नियम आहे. नोंदणी प्रत्येकाची वेगळी, दोन्ही मुलांची आणि सासूबाईंचीसुद्धा. नाव पासपोर्टवर जसं आहे अगदी तसंच भरा. मधलं नाव, आडनाव यांची अदलाबदल आपल्याकडे फार होते. सासूबाईंच्या पासपोर्टवर सासरचं नाव आहे की माहेरचं, हे आत्ताच उघडून बघा. मिळालेली पावती पांढऱ्या ए-फोर कागदावर छापून सही करून ठेवा, प्रत्येकाची त्याच्या पासपोर्टात. विमान मुंबईहून असेल तर पुण्याहून घाट आणि गर्दी धरून बराच वेळ हातात ठेवून निघा. केंद्राचं तिकीट या नोंदण्या हातात आल्यावरच काढा, आणि काढायच्या आधी त्या दिवशीच्या वेळा त्यांच्याच संकेतस्थळावर एकदा बघून घ्या.

तुमची,
ताई